नदी आढळली नाही

आम्हाला निबंध शिकवणारे गृहस्थ आम्हाला नावानं हाक मारत नसत. ते आम्हाला ‘उमेदवार’ म्हणत. दिल्लीच्या मुनिरकातल्या त्यांच्या इमारतीचा तीन मजल्यांचा अंधारा जिना चढून धापा टाकत दारात उभं राहिलं की आतून आवाज यायचा, “या, उमेदवार क्रमांक तीन. चार मिनिटं उशीर. कारण लेखी द्या.”

आणि खरंच लेखी द्यावं लागायचं. ‘बस उशिरा आली’ हे कारण त्यांनी आयुष्यात कधी मान्य केलं नाही. “कुठली बस? कंडक्टर काय म्हणाला? दारात कोण अडकलं होतं?” एकदा मी अशी चिडले की उभ्या उभ्या पानभर लिहून काढलं. फ्लॉवरचं अख्खं पोतं घेऊन चढलेल्या बाई, पोत्यावर चक्क बसलेला एक मुलगा, आणि “माताजी, गोभी का टिकट कौन लेगा?” म्हणून ओरडणारा कंडक्टर. त्यांनी ते तीनदा वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “हा तुमचा पहिला निबंध. आता आत या.”

असा माणूस! त्यांच्याकडे जायला लागले तेव्हा मी दहावीत होते आणि सहामाहीत मराठीत नापास झाले होते. हे ऐकून लोक अजून हसतात. गणितात नापास होणारी मुलं असतात, पण मराठी घरातली, मराठी आडनावाची मुलगी मराठीत नापास? बाबा अमरावतीकडच्या एका खेड्यातून शिकून केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आलेले. आईचं माहेर नागपूर. मी मात्र जन्मले दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. घरात मराठी बोलायचे, भावाशी भांडायचे हिंदीत, आणि लिहायची वेळ आली की दोन्ही भाषा पाठ फिरवायच्या. व्याकरण आणि धडे कसेबसे निभावायचे, पण निबंधात मी झोपायचे. बोर्डातही असंच झालं असतं तर अकरावीचा प्रवेश अडकला असता. बाबांना त्याचा घोर लागला होता, आणि आईला शेजारपाजारच्यांचा.

त्या ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम होता. खीर, भाषणं, लहान मुलांची गाणी. प्रत्येक वक्त्याला दोन मिनिटं दिली होती आणि प्रत्येक वक्ता निदान वीस मिनिटं घेत होता. मग एक उंच, किडकिडीत, फुल शर्टाची गळ्यापर्यंत बटणं लावलेले गृहस्थ उठले. हातातलं घड्याळ काढून समोर ठेवलं. बोलायला लागले, छान बोलत होते, आणि “म्हणून मला आपल्या मुलांना एवढंच सांगायचं आहे की” इथवर येऊन थांबले. घड्याळ उचललं आणि खाली जाऊन बसले. दोन मिनिटं झाली होती! सभागृहात खसखस पिकली. बाबा मात्र माझ्या कानात म्हणाले, “हा माणूस पेपर वेळेत सोडवून घेईल.” खिरीच्या रांगेतच माझं त्यांच्याकडे जायचं ठरलं.

त्यांनी कुठल्याशा मंत्रालयात चौतीस वर्षं पत्रांचे मसुदे लिहिले होते. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’पासून ‘आपला विश्वासू’पर्यंतचं सगळं. निवृत्तीनंतर सरकारी घर सोडावं लागलं तेव्हा त्यांनी मुनिरकात ही खोली घेतली. आजूबाजूला सगळे विद्यापीठातले विद्यार्थी. ते यांना ‘अंकलजी’ म्हणत आणि घरमालक ‘मास्टरजी’ म्हणत. आम्ही पाच जण ‘सर’ म्हणायचो, तर लगेच दुरुस्ती व्हायची, “सर ऑफिसात असतात. मी आता मोकळा आहे.” पण मोकळं राहायचं कसं ते बिचाऱ्यांना येतच नव्हतं. आमच्या प्रत्येकाच्या नावाची एक फाइल होती, लेस बांधलेली. उजवीकडे आमचे निबंध, डावीकडे त्यांच्या टिप्पण्या, परिच्छेदांना क्रमांक घालून. त्या टिप्पण्या हिरव्या शाईत असायच्या. सरकारात हिरवी शाई मोठ्या साहेबांनीच वापरायची असते. हे साहेब होण्याच्या दोन पायऱ्या आधीच निवृत्त झाले. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी हिरव्या पेनांचा अख्खा डबा आणला, असं त्यांनीच आम्हाला सांगितलं. सांगताना त्यांचा चेहरा असा काही खुलला होता की आम्हीही टाळ्या वाजवल्या.

त्यांच्याकडे एक जाडजूड रजिस्टर होतं. त्यावर लिहिलं होतं, ‘दिवंगत वाक्ये’. निबंधात वापरून वापरून मेलेली वाक्यं त्यात नोंदली जायची. ‘आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे.’ ‘निसर्ग हा मानवाचा खरा मित्र आहे.’ ‘प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात.’ आमच्यापैकी कुणाच्या निबंधात असं वाक्य सापडलं की ते गंभीर चेहऱ्यानं उभे राहत. आम्हालाही उभं करत आणि दोन मिनिटं शांतता पाळायला लावत. घड्याळ लावून! पहिल्या महिन्यात आमचा निम्मा तास उभ्यानंच जायचा. माझा वर्गमित्र निखिल पहिल्या दिवशी एकाच परिच्छेदात अशी चार वाक्यं घेऊन आला होता. आठ मिनिटं आम्ही माना खाली घालून उभे, आणि निखिलचं पोट हसण्यानं नुसतं गदगदतंय.

हसू नका, पण त्या सवयीनं माझा पिच्छा अजून सोडलेला नाही. आता मी नोएडात एका कंपनीत मजकूर तपासायचं काम करते. समोर ‘आजच्या धावपळीच्या जीवनात’ असं काही आलं की माझे पाय खुर्चीखाली आपोआप हलतात. शेजारची मुलगी विचारते, “क्या हुआ यार, कहीं जा रही हो?” तिला काय सांगणार?

निबंधाचे प्रकार त्यांनी आम्हाला फळ्यावर शिकवले नाहीत. वैचारिक निबंध म्हणजे निखिलनं खुर्चीवर उभं राहून मोबाइलच्या बाजूनं बोलायचं, आणि तो पुरेसा तापला की सर ओरडायचे, “खुर्ची बदला!” मग तिथूनच उलट बाजूनं, तेवढंच तापून बोलायचं. आत्मकथनासाठी त्यांनी मला आमच्या घरच्या कूलरसमोर एक तास बसवलं, तेही नोव्हेंबरात, कूलर बंद असताना. “तो आता सहा महिने बेकार आहे. त्याला काय वाटतं ते बघून या.” आई म्हणाली, “हा माणूस नक्की शिकवतो ना?” पण मी बसले. गवताच्या जाळीत चिमणीचं अर्धवट घरटं दिसलं, बाबांनी मागच्या मे महिन्यात ठेवलेला आणि विसरलेला पान्हा सापडला, आणि कूलर माझ्याशी बोलायला लागला. आता हे कुणाला खोटं वाटेल, पण माझ्या आयुष्यातलं लिहिताना आलेलं पहिलं सुख त्या गंजक्या कूलरनं दिलं. पानं पुरेनात मला!

आणि कल्पनाप्रधान निबंध! त्याची तर मुनिरकात अजून आठवण निघत असेल.

जानेवारीतला रविवार होता. दिल्लीतलं धुकं, सकाळचे नऊ, आम्ही स्वेटरवर स्वेटर घालून बसलेलो. विषय होता ‘वीज नसती तर’. निखिलनं पहिलं वाक्य लिहिलं, “वीज नसती तर मानवाचे जीवन अंधकारमय झाले असते.” सर उभे राहिले. आम्हाला वाटलं, झाली दोन मिनिटं सुरू. पण ते तरातरा जिना उतरून खाली गेले. त्यांना त्यांच्या खोलीची वीज बंद करायची होती. खाली जिन्याखाली डझनभर मीटर, त्यांच्यावरची नावं पुसलेली. चौतीस वर्षं त्यांनी फाइलींवरची नावं वाचली होती, मीटरची नाही. त्यांनी त्यातल्या त्यात भारदस्त दिसणारं बटण खाली ओढलं.

अख्खी इमारत गेली. वरच्या मजल्यावरून कुणीतरी “मेरा चैप्टर!” म्हणून किंचाळलं. हीटर गेले, इंडक्शनवरचे चहा अर्धे राहिले. आणि पहिल्या मजल्यावरून घरमालक, कमरेला टॉवेल, अंगावर शाल, डोक्यावर साबणाचा फेस अशा अवतारात जिना चढत आमच्या खोलीत आले.

“मास्टरजी! यो के कर दिया? साबुन लगा राख्या सै मन्नै, और गीझर बंद!”

सरांनी त्यांना खुर्ची दिली. शांतपणे कागद-पेन पुढे ओढलं आणि आपल्या सरकारी हिंदीत म्हणाले, “कृपया बैठिए. विद्युत के अभाव में आपको सर्वप्रथम क्या अनुभव हुआ?”

मला वाटलं आता मारामारी होणार.  पण घरमालकांना हसूच आवरेना. फेस उडायला लागला. “अभाव? अरे, इस गाम में बिजली बाद में आई सै, मैं पहले आया!” आणि ते बसले की! कुणीतरी जाऊन बटण वर केलं तरी उठले नाहीत. जिथून आज मेट्रो जाते तिथली शेतं, विहीर, अंधारात आवाजावरून ओळखायच्या म्हशी, पहिला बल्ब लागला तेव्हा त्याला नमस्कार करणारी त्यांची आजी. आम्ही पाचही जण भराभरा लिहून घेत होतो. माझी बोटं थंडीनं वाकत नव्हती तरी थांबावंसं वाटत नव्हतं. त्या दिवशीचे पाचही निबंध वेगवेगळे होते आणि एकाही वाक्यासाठी उभं राहावं लागलं नाही.

जाताना निखिलनं विचारलं, “सर, ते सारखं ‘हमारा गाम’ म्हणत होते. मुनिरका गाव आहे?”

“आहेच. दिल्ली त्याच्याभोवती नंतर आली,” सर म्हणाले आणि थबकले. “पुढच्या रविवारचा विषय, माझे गाव.”

पुढच्या रविवारी आम्ही पाच निबंध नेले. त्यांनी ते एकापाठोपाठ वाचले आणि टेबलावर ओळीनं मांडले. पाचही गावं डोंगराच्या कुशीत वसली होती. पाचही गावांतून नदी वाहत होती, आणि पाचही ठिकाणी ती संथ वाहत होती. पाचही गावांना आमराई होती आणि गावकरी साधेभोळे होते. आम्ही पाचही जणांनी एकाच गाइडमधून गाव उचललं होतं. दिल्लीत वाढलेल्या मराठी मुलांनी दुसरं काय करायचं? आमची गावं आम्ही उन्हाळ्याच्या सुटीत दहा दिवस पाहिलेली, तीही बहुतेक आजारी पडून.

सर ओरडले नाहीत. त्यांनी एक तक्ता आखला. नदीचे नाव. उगम. आंब्याची झाडे, अंदाजे. डोंगराचे नाव. खाली, ‘पालकांची सही’. प्रत्येकाला एकेक देऊन घरी पाठवलं.

बाबांनी तो कागद वाचला, मग माझा निबंध वाचला. बाबा एरवी घरात शुद्ध बोलतात, पण धक्का बसला की त्यांची वऱ्हाडी बाहेर येते. “आपल्या गावाले नदी काऊन आली व?” मग त्यांनी गावी काकांना फोन लावला. “अरे, आपल्याकडे नदी आहे म्हणते पोरगी! आमराई पण आहे!” दोन्ही टोकांना लोक पोट धरून हसत होते. आमच्या गावात एक विहीर, एक बोअर आणि पावसाळ्यात भरणारा नाला एवढंच पाणी होतं. बाबांनी तसं लिहून सही केली. त्या कागदाखाली सरांनी हिरव्या शाईत लिहिलं, ‘पडताळणी केली. नदी आढळली नाही.’

“आता सांगा, तुमचं गाव कोणतं?” त्यांनी मला विचारलं.

 अमरावतीकडचं ते गाव बाबांचं होतं. मी भीत भीत म्हणाले, “आर. के. पुरम. सेक्टर आठ.”

“तो सेक्टर आहे.”

“हो. पण मी तिथलीच आहे.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “लिहा,” ते म्हणाले.

मी लिहिलं. आमच्या गावात सगळी घरं पिवळ्या रंगाची आणि एकसारखी असतात, त्यामुळे लहानपणी मी दोनदा दुसऱ्याच्याच घरी जेवून आले होते. आमच्या दारावरच्या पाटीखाली आधी राहून गेलेल्या साहेबांचं नाव अजून पुसट दिसतं, आणि त्यांची पत्रं येतात. समोर तमिळ आंटी, वर गढवालचे काका, बाजूला ओडिया कुटुंब. माझ्या आईला सांबार तमिळ आंटींनी शिकवला आणि आंटींना पुरणपोळी आईनं. नळ गळायला लागला की आमचं अख्खं गाव ‘इन्क्वायरी’त, म्हणजे दुरुस्तीच्या सरकारी कचेरीत, तक्रार लिहायला जातं. आमच्या गावात जात कुणी तोंडावर विचारत नाही, टाइप विचारतात, म्हणजे हुद्द्याप्रमाणे मिळालेल्या क्वार्टरचा दर्जा. टाइप टूच्या मुलांना टाइप फोरच्या झोपाळ्यावर पाळी शेवटी मिळते. आणि दर उन्हाळ्यात बदल्यांचे ट्रक येतात. माझ्या तीन जिवलग मैत्रिणी अशा ट्रकांतून गेल्या. आमच्या गावात म्हातारी माणसं कमी दिसतात, कारण निवृत्त झालं की किल्ली परत द्यायची असते.

सरांनी ते वाचलं आणि उठून खोलीत येरझारा घालायला लागले. चार पावलं जायची, चार यायची, खोली तेवढीच होती. मग ते माझा निबंध घेऊन खाली पळाले आणि घरमालकांना हिंदीत भाषांतर करत वाचून दाखवला. येताना समोसे घेऊन आले. फाइलीत त्यांनी फक्त एक शब्द लिहिला, ‘मंजूर’. मी ती फाइल उराशी धरून बसमध्ये उभी होते आणि माझ्या चेहऱ्यावरचं हसू जात नव्हतं. समोरच्या बाईंनी विचारलंसुद्धा, “रिझल्ट आया क्या बेटा?”

रिझल्ट आला तो पंधरा दिवसांनी. शाळेच्या सराव परीक्षेत निबंधाला ‘माझे गाव’ हाच विषय होता! मी आनंदानं सगळं ओतलं. दहापैकी दोन गुण मिळाले. लाल शाईत शेरा होता, ‘विषयांतर. गाव म्हणजे खेडे.’ आणि एकूण चार गुणांनी मी पुन्हा नापास.

सर स्वतः शाळेत गेले. आमच्या मराठीच्या बाईंशी अर्धा तास बोलले. बाई वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, “मलाही आवडला हो तिचा निबंध. पण बोर्डाचा पेपर कोण तपासणार, कुणास ठाऊक. त्याला आर. के. पुरम म्हणजे काय ते माहीत नसलं तर? पोरीचं वर्ष जाईल.”

त्या संध्याकाळी बाबा मला घेऊन मुनिरकाला गेले. बाबा रागावून बोलले नाहीत, तेच जास्त वाईट होतं. “साहेब, तुमचं सगळं बरोबर असेल. पण आम्ही शिकलो म्हणून इथे आलो. हिचं एक वर्ष जायला नको.”

सर उठले. मग कपाटातून त्यांनी एक गाइड काढलं. आम्हाला बंदी घातलेलं तेच, नदीवालं गाइड. त्यांनी ते माझ्यासमोर उघडून ठेवलं.

“उमेदवार, नदी घ्या. आमराई घ्या. पास व्हा.”

मला रडू फुटलं. मी म्हणाले, “पण तुम्हीच लिहिलंत ना, नदी आढळली नाही म्हणून!”

“लिहिलं. पण पेपर तुमचा आहे. माझी हौस तुमच्या वर्षाच्या जिवावर भागवायचा मला अधिकार नाही.”

पुढचा दीड महिना आम्ही नदी पाठ केली. ते घड्याळ लावायचे, मी घडाघडा म्हणायचे, ते मान हलवायचे. त्या दीड महिन्यात त्यांनी माझ्या फाइलीवर निळ्या पेनानं सह्या केल्या. दिवंगत वाक्यांसाठी कुणी उभं राहिलं नाही.

बोर्डाच्या मराठीच्या पेपरला तीन विषय होते. ‘मोबाइल: शाप की वरदान’, ‘एका झाडाचे आत्मकथन’ आणि ‘माझे गाव’.  मी पाठ केलेलं पहिलं वाक्य लिहिलं, “डोंगराच्या कुशीत वसलेले माझे गाव अतिशय सुंदर आहे.” पुढचं वाक्य ओठांवर होतं. नदी तयार होती. आणि मला एकदम इतका राग आला! कोणाचं गाव हे? कोण राहतं तिथे? मी ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, “माझ्या गावात सगळी घरं सारखी आहेत.” मग पेन थांबलंच नाही. भीती वाटत होती, तरी असा आनंद होत होता की बाजूच्या मुलीनं माझ्याकडे वळून पाहिलं. बहुतेक मी हसत होते.

फाटकाबाहेर सर उभे होते. गळ्यापर्यंत बटणं, हातात पाण्याची बाटली.

“नदी?” त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली.

ते फूटपाथवर मटकन बसले. मी घाबरून शेजारी बसले. बाटली त्यांनी मला द्यायला आणली होती, ती स्वतःच अर्धी प्यायले. मग हळूच म्हणाले, “काय लिहिलंस?” इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ते मला ‘तू’ म्हणाले. मी सगळं सांगितलं, ओळन् ओळ, रिक्षांचे हॉर्न वाजत असताना. ट्रकांपर्यंत आले तेव्हा त्यांनी टाळी वाजवली, मोठ्यानं, भर रस्त्यात. आणि लगेच त्यांचा चेहरा पडला. “बाबांना मी सांगतो,” ते म्हणाले.

त्यांनी खरंच सांगितलं, लेखी. विषय, संदर्भ, क्रमांक घातलेले परिच्छेद. ‘उमेदवाराच्या निर्णयास माझे अध्यापन कारणीभूत असून निकाल प्रतिकूल लागल्यास संपूर्ण जबाबदारी माझी राहील.’ बाबांनी ते पत्र वाचून घडी केली आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

निकाल लागला त्या दिवशी मी पास होते. मराठीत एकसष्ट! आई रडली, बाबांनी सेक्टरभर पेढे वाटले, तमिळ आंटींनी मला उचलायचा प्रयत्न केला. मी धावत मुनिरकाला गेले. सर खूश झाले, पण लगेच त्यांचा प्रश्न आला, “निबंधाला किती?”

ते गुणपत्रिकेत नसतं. एकूण गुण तेवढे असतात. सर म्हणाले, “असं कसं? मग कळणार कसं की ते चाललं की बाकीच्या प्रश्नांनी तारलं?” उत्तरपत्रिकेची प्रत मागवता येते हे त्यांनी शोधून काढलं. तो अर्ज त्यांनी माझ्या नावानं लिहिला, चार मसुदे करून. चौतीस वर्षांचं सगळं कसब त्यात होतं. असा अर्ज नाकारायची कुणाची छाती झाली नसती.

प्रत पोस्टानं आमच्या घरी आली. मी पाकीट हातात घेऊन आधी त्यांना फोन केला. ते पाऊण तासात हजर. सोफ्याच्या अगदी कडेला बसले. बाबांनी सुरीनं पाकीट कापलं आणि गठ्ठा सरांच्या हातात दिला. सर एकेक पान उलटत गेले. खोडलेलं ते पहिलं वाक्य आलं. आणि त्याच्या पुढच्या पानावर, शेवटी, दहापैकी आठ.

“आठ!” मी ओरडले. बाबाही ओरडले. भाऊ “ओये होये!” करत नाचायला लागला. सर मात्र त्या पानाकडे बघत होते. ‘टाइप विचारतात’ या वाक्याशेजारी, समासात, पेन्सिलीनं, बारीक अक्षरात कुणीतरी लिहिलं होतं. त्यांनी बोट ठेवलं तेव्हा आम्ही सगळे वाकलो.

‘आम्ही सेक्टर बारात होतो. टाइप टू.’

“परीक्षकांनी समासात असं लिहायला सक्त मनाई असते,” सर म्हणाले, पण त्यांचं बोट तिथून हललं नाही. बाबांनी ते पान त्यांच्या हातातून घेतलं आणि दोनदा वाचलं. आई म्हणाली, “कोण असतील हो? कुठं गेले असतील मग इथून?”  ट्रक कुठे जातात ते मागे राहिलेल्यांना कधी कळत नाही.

सरांनी डोळे पुसले, अगदी उघड, रुमाल काढून.

“मी सेक्टर चारचा,” ते म्हणाले. “चौतीस वर्षं. किल्ली दिली तेव्हापासून त्या रस्त्यानं बस गेली की मी दुसरीकडे बघतो.”

“अहो, सेक्टर चार?” आई उठली. “मग गावचेच की तुम्ही! आता जेवूनच जायचं.” आणि ती कणीक भिजवायला आत गेली.